नाकदादाची फेरी

कारखान्यात त्याला सगळे नाकदादा म्हणत. नाक काही मोठं नव्हतं, चारचौघांसारखंच होतं. पण अमोनियाचा वास त्या नाकाला सगळ्यांच्या आधी लागायचा. नळीच्या जोडातून अगदी बारीक गळती असली तरी हा लांबूनच हात वर करायचा. वास टिपणारी यंत्रं बसवली तेव्हा साहेबांनी ती मोठ्या कौतुकाने दाखवली, तर हा म्हणाला, "साहेब, वारा उलटा असला की हे जागेवरून उठून पलीकडे हुंगायला जाणार आहे का?" साहेब हसले आणि फेरीचा नियम कायम राहिला. बंद असलेला कारखाना सुरू करताना थोडा दाब चढवायचा, मग दोघांनी मास्क उतरवून नळ्यांच्या कडेने वास घेत चालत जायचं. दोघं एवढ्यासाठी, की एकाचं नाक चुकलं तर दुसऱ्याचं जागं असावं.

जुना कारखाना दगडी कोळशावर चालायचा. एकदा पेटला की महिनोन्‌महिने थांबायचा नाही आणि आसपासची वाळत घातलेली धुणी काळी करायचा. तो मोडीत निघाला आणि पवनचक्क्यांच्या विजेवर चालणारा नवा उभा राहिला. विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, हवेतला नायट्रोजन घ्यायचा, दोघांना तापवून, दाबून एकत्र आणायचं की अमोनिया तयार. पुढे त्याचं खत. धूर नाही, काजळी नाही. पाहुणे यायचे, फोटो काढून जायचे. काम चांगलंच होतं, उगाच नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण वारा पडला की सगळं थांबायचं आणि वारा सुटला की पुन्हा सुरू. लोखंड तापायचं, निवायचं, परत तापायचं, आणि जोड सैल व्हायचे. वीज कितीही स्वच्छ असली तरी अमोनिया तोच, डोळे जाळणारा. म्हणून जुन्या माणसांना घरी पाठवताना साहेबांनी नाकदादाला तेवढं ठेवून घेतलं, आणि त्याच्या शब्दाखातर त्याच्या मेव्हण्यालाही कामावर घेतलं.

आता खरी गोष्ट अशी, की नाकदादाचं नाक मेलं होतं. इतकी वर्षं अमोनिया हुंगून हुंगून ते हळूहळू गेलं आणि एके दिवशी नाकाशी साबण धरला तरी काही येईना. डोळे चुरचुरले की त्याला कळायचं, पण तोवर गळती चांगलीच वाढलेली असायची. सांगायला हवं होतं, हे आज कोणीही शहाणा सांगेल. पण ज्या नाकावर माणूस उभा आहे तेच गेलं म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. त्याने एक युक्ती काढली. फेरीला तो मेव्हण्यालाच बरोबर घ्यायचा आणि चालताना त्याच्या तोंडाकडे बघायचा. मेव्हण्याच्या कपाळाला आठी पडली की हा आधी हात वर करायचा. "इथे आहे बघ." मेव्हणा थक्क व्हायचा. "भाऊजी, तुमच्यापुढे हात जोडले!"

त्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि फेरी निघाली. मेव्हण्याला सर्दी झाली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, संरक्षक चष्म्यावर वाफ धरत होती, म्हणून त्याने तो वर डोक्यावर ढकलला होता. नाकदादाला वाटलं, वाऱ्याने डोळे पाणावले असतील. सगळ्या नळ्या झाल्या, मेव्हण्याच्या कपाळाला आठी पडली नाही. नाकदादाने अंगठा वर केला. पूर्ण दाब चढला तेव्हा मेव्हणा एका जोडापाशी उभा होता. जोड फुटला आणि पांढरा फवारा थेट त्याच्या डोळ्यांत गेला. नाकदादाने त्याला ओढत पाण्याखाली नेलं, डोळे धुतले, तो ओरडत असताना पापण्या धरून ठेवल्या. पण डोळे गेले ते गेलेच.

चौकशीचे साहेब दवाखान्यात आले. मेव्हण्याने स्वतःहून सांगून टाकलं, "मला सर्दी होती, मी बोललो नाही. म्हटलं, नाकदादा आहेत की बरोबर." ठपका त्याच्यावर ठेवला गेला. नाकदादा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने ते ऐकलं आणि तो गप्प राहिला. माणूस भित्रा असतो, पण इतका असावा?

बाहेर बाकावर बायको बसली होती. तो शेजारी बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "मला वास येत नाही. बरीच वर्षं झाली."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "दूध करपून घरभर वास सुटला होता आणि तुम्ही शेगडीशेजारी पेपर वाचत बसला होतात. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला घरी बसवलं असतं. आणि माझा भाऊ होता ना तुमच्याबरोबर. म्हटलं, तो सांभाळून घेईल." तिने पदर तोंडाला लावला. रडणं आवरल्यावर म्हणाली, "आत जा आणि त्याला सांगा. आंधळा झालाय, वर चूकही आपलीच म्हणून झुरतोय तो."

तो आत गेला. मेव्हण्याने पावलं ओळखली. "भाऊजी ना? बसा." सरकून त्याने जागा केली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

नाकदादाने सगळं सांगितलं. साहेबांनाही आजच सांगतो म्हणाला. मेव्हण्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"मग इतके दिवस तुम्ही गळती ओळखत होतात ती कशी?"

"तुझ्या तोंडाकडे बघून."

मेव्हणा चाचपडत कुशीवर वळला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. नाकदादा त्या पाठीकडे बघत बसून राहिला. आता त्या तोंडावर काय आहे, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.