घंटेसाठी दिलेले देव

आमच्या शेठजींनी बोटातल्या अंगठ्या सोडून दुसऱ्या कुठल्या धातूला कधी हात लावला नाही. यवतमाळात त्यांचा ओतकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक भट्टी आणि आम्ही चौघं. जिनिंगच्या यंत्रांचे बुश, दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, ओतायचो. साचे मी करायचो, भट्टीतून वितळल्या धातूची मूस मी उतरवायचो, आणि गिऱ्हाईक आलं की शेठजी बुशावर टिचकी मारून म्हणायचे, "हा म्या ओतला." आमचा पाण्याचा माठ वेगळा होता. तेवढं सोडलं तर शेठजी फार मोठ्या मनाचे, असं ते स्वतःच सांगत.

आम्ही बौद्ध झालो त्याला दोनेक वर्षं झाली होती. बऱ्याच लोकांनी घरातले देव नदीत सोडले. आमच्या वस्तीत मात्र पितळेचे टाक, म्हणजे देवांचे ते ठोकून काढलेले पत्रे, अजून गाडग्यामडक्यांत दडून बसले होते. सभेत छाती काढून बोलणारे घरी जाऊन त्याच गाडग्याला हळूच हात जोडत. मला या लोकांची मनस्वी चीड यायची. शेवटी ठरलं, सगळे टाक वितळवायचे, विहारासाठी घंटा ओतायची आणि वैशाख पौर्णिमेला बांधायची.

आईनं टाक सगळ्यांत शेवटी दिला. माझी दोन भावंडं लहानपणीच गेली होती, ती या देवाच्या कोपानं, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. "तू म्हन्तं म्हून देऊन राह्यली," ती म्हणाली. "पन तुले काई झालं तं मी कोनाकडं पाहू?"

शेठजींना भट्टी मागितली तर ते लगेच तयार. "देवाचं काम हाय. मूस मी सोता लावतो. तू साचा कर अन घरी जा." वस्तीतले लोक हरखले. खुद्द शेठजी आपलं काम करणार म्हणे. ज्या माणसाला सांडशी कुठून धरायची ते ठाऊक नाही, तो मेहुण्याला हाताशी घेऊन पितळ ओतणार, आणि मी मुकाट्यानं साचा करून घरी गेलो. याची लाज मला अजून वाटते.

घंटा आली, टांगली, ठोकली. पाट्यावर वरवंटा आपटावा तसा थड आवाज झाला. संध्याकाळपर्यंत अर्धी वस्ती म्हणत होती, देव कोपला. आईनं भाकरी सोडली. "माहा टाक आनून दे," एवढं एकच बोलणं. पौर्णिमा पाच दिवसांवर होती, आणि आई नुसत्या काळ्या चहावर.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बसलो असताना नजर वर गेली. पितळ वितळलं की त्यातलं जस्त जळतं, पांढरा धूर होतो आणि वाशांवर पिंजलेल्या कापसासारखी राख बसते. वासे काळेभोर होते. कोपऱ्यातला जुन्या बुशांचा ढीग मात्र निम्मा झाला होता. म्हणजे घंटा बुशांची ओतली होती, आणि आमचे टाक भट्टीत गेलेच नव्हते. बुशात शिसं असतं. त्यानं यंत्राचा दांडा गुळगुळीत फिरतो, पण घंटा मुकी होते. हे शेठजींना ठाऊक नव्हतं. असणार तरी कुठून?

त्यांच्या अंगणाच्या पुढे मी कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी थेट देवघरात शिरलो. आमचे टाक चिंचेनं घासून, हळदकुंकू लावून ओळीनं मांडले होते. झिजक्या कोपऱ्याचा आईचा टाक मधोमध होता.

"देव वितळवाचं पाप मी कायले घेऊ?" शेठजी म्हणाले. "तुमी सोडले, म्या सांभाळले."

"आमच्या माठातलं पानी तुमाले चालत नाई. अन आमचे देव चालतात?"

"गोमूत्रानं धुतले ना," ते म्हणाले. इतक्या भाबडेपणानं म्हणाले, की मला शिवी द्यायचीही इच्छा राहिली नाही. टाक पंच्यात बांधले आणि निघालो.

आईला सगळं सांगितलं. तिनं पंचा सोडून आपला टाक हातात घेतला. मग म्हणाली, "इतके दिवस त्याच्या घरी व्हता? अन त्याले काईच नाई केलं?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर शेडवर आली. मुशीत आपला टाक तिनंच टाकला. पांढरा धूर उठला, वासे पांढरे झाले, आवाज खुलावा म्हणून वरून मी थोडं कथील घातलं आणि ओतलं. शेठजी तोंडाला उपरणं लावून बाहेर उभे होते. त्यांना कोणी आत बोलावलं नाही.

पौर्णिमेला पहिला टोला आईनं दिला. आवाज वस्तीच्या टोकापर्यंत गेला. तो विरेपर्यंत ती थांबली, मग घंटेचा काठ चाचपला.

"इतके वर्स माह्या हातचं हळदकुकू खाल्लं, एक शबद बोलला नाई," ती म्हणाली. "आता बोलला." मग माझ्याकडे वळली. "चाल घरी. भूक लागली."