टू-सेव्हन्टी-फाइव्हची पुंगळी

माझ्या मोबाइलचा ठाम समज झालेला आहे की मी अमेरिकेतला कोणी दाढीवाला पेन्शनर आहे. सकाळी सेम्बावांगला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसले, की न विचारता तो मला शिकारीच्या रायफलींचे व्हिडिओ दाखवायला लागतो. शेजारची बाई कोरियन मालिका बघत डोळे पुसत असते, आणि मी, आयटीतली एक साधीसुधी मॅनेजर, एका काडतुसाची माहिती बघत डोळे पुसते. काडतूस एकच. टू-सेव्हन्टी-फाइव्ह. आमच्या घरी त्याला 'आपलं दोनशे पंचाहत्तर' म्हणायचे, जसं काही ते आमच्या भावकीतलंच.

खरं तर ते परदेशी आणि शंभर वर्षांहून जुनं. पितळेची लांबट पुंगळी, वर उतरते खांदे, मग बारीक मान आणि मानेतून डोकावणारी लांब, बोथट नाकाची गोळी. सगळं मिळून माझ्या तर्जनीएवढं. त्याच्याहून दांडगी काडतुसं पुष्कळ आहेत, झाडणाऱ्यालाच आडवं करणारी. त्यांच्यावरही लोक फिदा असतात, असोत बापडे. दोनशे पंचाहत्तरचा धक्का सौम्य, आणि गोळी मात्र सांगितलं तिथे जाणारी. वडील म्हणायचे, "हे बोलतं. ओरडत नाही." त्यांना माणसंही तशीच आवडायची. मी त्यातली नव्हते, हा भाग वेगळा.

रायफल आजोबांची, शिकारीला मोकळीक होती त्या काळातली. वडिलांच्या हाती ती आली तोवर शिकार बंद झालेली. त्यांच्याकडे परवाना होता तो पिकाच्या रक्षणाचा. आमचं गाव कोकणात, अगदी घाटाखाली. भातात रानडुकरं शिरायची, पण त्यांना पळवायला बारा बोअरच्या बंदुकीचा एक हवेतला बार पुरायचा. त्यासाठी दोनशे पंचाहत्तर काढायचं नाही, कारण ते बाहेरून यायचं बंद झालं होतं. घरात शेवटची नऊ उरली होती. त्यामुळे रायफल वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, कपाटातून बाहेर यायची. वडील नळी साफ करायचे, आणि काडतुसं पुसायचं काम माझं. जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने एकेक पुसून तबकात ओळीने ठेवायचं. हळदकुंकू पुंगळीच्या अंगाला लावायचं, बुडाच्या टोपीला चुकूनही नाही, कारण चाप ओढला की घोडा तिथेच आदळतो. ते थंड, जड पितळ तळहातावर घेतलं की मला काय व्हायचं ते नीट सांगता येत नाही. एवढीशी वस्तू, आणि तिच्या पोटात सगळा डोंगर दणाणून सोडण्याचं सामर्थ्य. मी दर वर्षी हट्ट करायची, बाबा, एक बार मला. दर वर्षी उत्तर तेच, पुढच्या वर्षी.

मला नोकरी लागली आणि मी घर सोडून निघाले, त्या वर्षी त्यांनी स्वतःच विचारलं. आम्ही दोघंच गावाबाहेरच्या बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणीत गेलो. समोरच्या दगडी भिंतीवर त्यांनी चुन्याच्या बोटाने रुपयाएवढा ठिपका काढला. मी दस्ता खांद्याला लावला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. धक्का बसला तो कोणीतरी पाठीवर शाबासकीची थाप मारावी तसा. चुन्याचा ठिपका गेला होता. त्या जागी नुसतं भोक. वडिलांनी बोल्ट मागे ओढला, बाहेर पडलेली पुंगळी उचलली, हुंगली, मला हुंगायला दिली आणि शर्टाच्या खिशात टाकली. नवाची आठ झाली. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच बार.

चार वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. वय झालं होतं, परवाना वारसाच्या नावावर करायचा होता, आणि वारस म्हणजे मी एकटी. त्यासाठी मला गावाकडे येऊन राहावं लागलं असतं, निदान येत-जात तरी. मी ऑफिसच्या पँट्रीत, एका मीटिंगमधून दुसरीत जात होते.

"बाबा, मी इथे बसून रायफल कशी सांभाळणार? देऊन टाका ना."

"बरं," ते म्हणाले.

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. रायफल आणि आठही काडतुसं कोल्हापूरच्या एका बंदूकवाल्याकडे गेली. मोबाइलवरचं माझं वेड सुरू झालं ते त्यानंतर. ज्या वस्तूला आपण इतक्या सहज नको म्हटलं, ती गेल्यावर तिच्यासाठी असं झुरावं, हे मला स्वतःलाच हास्यास्पद वाटतं. पण झुरते.

या वर्षी वडील दसऱ्याला इथे आले. आई गेल्यापासून घरी एकटेच असतात. येताना पूजेची पितळी भांडी आणा, असं मीच बजावलं होतं. तबक, समई, घंटा, पंचपात्री, सगळं एका पंचात गुंडाळून ते घेऊन आले. विमानतळावर कोणी काही विचारलं नाही.

खंडेनवमीला सकाळी मी देवापुढे आमची हत्यारं मांडली. माझा लॅपटॉप, बोटीवर गेलेल्या नवऱ्याचे पाने आणि व्हर्नियर, मुलीची बॅडमिंटनची रॅकेट. लिटिल इंडियातून झेंडू आणला होता. वडिलांनी पंचाच्या घडीतून घंटा काढली, आणि घंटेच्या पोटात कागदात गुंडाळलेली एक वस्तू होती, तीही काढली. लॅपटॉपच्या शेजारी त्यांनी ती उभी केली. दोनशे पंचाहत्तरची रिकामी पुंगळी.

पहिल्यांदा ओरडली ती माझी मुलगी. ती चौदा वर्षांची आहे आणि तिला सगळं माहीत असतं. "आजोबा! हे इकडे कॅनॉट लाह! एम्प्टी ऑल्सो कॅनॉट!"

तिचं बरोबर होतं. या देशात परवान्याशिवाय रिकामी पुंगळी बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. पण खरं सांगायचं तर मला आधी भीती वाटलीच नाही. मी ती उचलली आणि नाकाशी नेली. इतक्या वर्षांनी वास कुठला राहायला? पण मला आला.

भीती मागाहून आली, आणि ती आली की माझ्या तोंडाला हाड राहत नाही. "बाबा, काही अक्कल? इथे कायमचं राहायला पीआरचा अर्ज घातलाय आम्ही, तिसऱ्यांदा! पोलिसांत नाव गेलं की संपलंच सगळं. मग चंबूगबाळं आवरून निघा परत!"

वडील पाटावर बसून होते. उदबत्ती हातात तशीच.

"रिकामी आहे गं," ते म्हणाले. "मला वाटलं, रिकामीला कोण विचारतंय. तुझीच आहे, म्हणून आणली."

तासभर मी घरात नुसती फिरत होते. तूरडाळीच्या डब्यात ठेवली तर कोणाला कळणार आहे? तीनदा डब्याचं झाकण उघडलं, तीनदा लावलं. वडील म्हणाले, "मी जेट्टीवर जातो आणि समुद्रात टाकून येतो." त्यावर मुलगी म्हणाली, "आजोबा, सगळीकडे कॅमेरा आहे. जस्ट टेल द पोलीस, लाह." माझ्या घरात शहाणपण एका पिढीला वगळून जातं. मी पोलिसांना फोन केला. तो करेपर्यंत वडिलांनी पूजा उरकून घेतली होती. लॅपटॉपला कुंकू लागलं तसंच तिलाही लागलं.

दोन पोलीस आले, एक तरुण आणि एक पन्नाशीचा. दाराशी बूट काढून आत आले. पाने, रॅकेट, लॅपटॉप आणि त्यांच्यामध्ये कुंकू लावलेली पुंगळी, हे बघून तरुण जरा गोंधळला. मी इंग्रजीत सगळं समजावलं, आमचा सण, वडिलांना ठाऊक नव्हतं, फोन आम्हीच केला. तो लिहून घेत होता. पन्नाशीच्याने हातमोजा घालून पुंगळी उचलली, बुडाची टोपी निरखली. टोपीवर घोड्याचा खळगा होता.

"दिस वन फायर्ड ऑलरेडी," तो म्हणाला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हू शूट?"

त्याला काय फरक पडणार होता? दुसऱ्या देशात, पंचवीस वर्षांपूर्वी, परवानाधारकाच्या देखत झाडलेली गोळी. मला हे तेव्हाही कळत होतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही, पण मला उत्तर द्यायला पुरेल इतका वेळ नक्कीच. मी तरुणाच्या पेनाकडे बघत होते.

"मी," वडील म्हणाले. "आय शॉट."

"वाह, अंकल! हिट ऑर नॉट?"

"हिट. फर्स्ट शॉट," ते म्हणाले, आणि माझ्या मुलीने आजोबांकडे असं काही पाहिलं, तसं तिने माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही. मी पोलिसांना पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा पुंगळी प्लास्टिकच्या पिशवीत बंद झाली होती.

पुढे फार काही झालं नाही. वडिलांना बोलावून ताकीद दिली आणि ते ठरल्या दिवशी घरी परतले. आमचं पीआरही झालं. आता मला कसलीच भीती नाही.

रविवारी मुलगी आजोबांना व्हिडिओ कॉल लावते. इतर मुलं ज्या वयात आजी-आजोबांना टाळतात, त्या वयात ही त्यांना त्या बाराची गोष्ट सांगायला लावते. ते सांगतात. चुन्याचा ठिपका, अर्धा सोडलेला श्वास, भिंतीतलं भोक, सगळं जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी स्वयंपाकघरात कणीक मळत असते.

"आई," परवा ती तिथूनच ओरडली, "इज इट ट्रू? एकाच शॉटमध्ये?"

फोनवर वडील माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

"हो," मी म्हटलं. "मी होते ना तिथे."