लाल रेघ

माझी जुनी गाडी फ्युएल इंजेक्शनची असली, तरी पेट्रोल आणि हवेचं प्रमाण जुळवायला तिच्यात एक बारीक स्क्रू आहे. आमचे मेकॅनिक गफूरभाई तो कानानं जुळवतात. किंचित फिरवायचा, इंजिन ऐकायचं, मागे जाऊन धूर हुंगायचा. मी शेजारी उभा राहून त्यांच्या मनगटावर नजर ठेवतो. गाडी महिन्याभरात पुन्हा का बिघडते? हा माणूस मुद्दाम थोडं चुकतं ठेवत असणार.

आज काम संपल्यावर त्यांनी खिशातून नेलपॉलिश काढलं आणि स्क्रूवरून थेट बाजूच्या धातूपर्यंत लाल रेघ ओढली.

"हे कशाला, गफूरभाई?"

"कुणी फिरवला तर रेघ जुळत नाही, साहेब. आपल्याला कळतं."

बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. संशय घेणाऱ्याला वाटतं, डोळे फक्त आपल्यालाच आहेत.

घरी आल्यावर नेहमीप्रमाणे मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉनेट उघडलं, त्यांचं काम जरासं सुधारायला. आत लाल रेघ चमकत होती. दर वेळी सहज वळणारा माझा हात आज तिथंच थांबला.