आर्लिसने लावलेला मास्क

डेलमार ह्रुस्काच्या घोरण्याची ऑर्ड गावात सगळेच थट्टा करत. गुरांचा ट्रक चालवणारा धिप्पाड गडी. चर्चमध्ये त्याला डुलकी लागली की पाद्रीसुद्धा आवाज चढवायचे. त्याची बायको आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती सगळं हसण्यावारी न्यायची. घोरण्याची तिला भीती नव्हती, भीती होती ते मध्येच थांबण्याची. श्वासच बंद व्हायचा. मग ती कोपर मारायची आणि तो गचका देऊन कुशीवर वळायचा. सव्वीस वर्षं हेच चाललं. झोपेतही तिचा एक कान त्याच्याकडे असायचा. खोली शांत झाली की तिला जाग यायची.

ट्रकवाल्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याची जाडजूड मान पाहिली आणि झोपेची चाचणी करायला लावली. तासाला चाळीस वेळा श्वास अडकतो, असं निघालं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला हवा सोडणारं यंत्र. रोज निदान चार तास ते लावलं तरच दाखला, आणि दाखला असेल तरच ट्रक. किती तास लावलं याची खबर यंत्रच परस्पर दवाखान्याला द्यायचं.

डेलमारने चार रात्री कशाबशा काढल्या. पाचव्या दिवशी म्हणाला, जीव गुदमरतो, हे आपल्याच्यानं होणार नाही. ट्रकवाल्या दोस्तांकडे तोडगा तयार होता. एकाने मास्क म्हणे कुत्र्याला लावून पाहिला होता, पण कुत्र्याला जास्त अक्कल निघाली. मग राहिली बायको.

"नाक कुणाचं आहे ते यंत्राला काय कळतंय?" डेलमार म्हणाला. "मार्चमध्ये दाखला मिळू दे. मग मीच लावीन, शपथ."

"आणि तुझा श्वास अडकला तर?"

"तू आहेस की कोपर मारायला."

आर्लिसने मास्क लावला. ट्रक गेला तर घरात बसून हा माणूस झुरून मरेल, असं तिला वाटलं. खुळी माया, दुसरं काय! पण झालं भलतंच. कानाशी हवेची सूं-सूं चालू, बाकी काही ऐकू येईना, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ती रात्रभर झोपू लागली. शाळेतल्या बायका म्हणाल्या, दहा वर्षांनी लहान दिसतेस. हे तिने डेलमारला सांगितलं नाही. तिला लाज वाटत होती, पण संध्याकाळपासूनच ती अंथरुणाची वाट पाहायची.

दाखला मिळाला. मार्च उलटला, शपथ तशीच राहिली. एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी तिने मास्क काढला, तेव्हा डेलमार शेजारी थंडगार पडला होता.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण झालं. जो तो म्हणाला, झोपेत गेला, नशीबवान. आर्लिस मान हलवत राहिली.

आठवड्याने दवाखान्यातून नर्सचा फोन आला. तिला काही कळलेलं नव्हतं. डेलमारचा अहवाल फार छान आहे, पण यंत्र आठवडाभर बंद दिसतंय, म्हणाली.

"डेलमार गेला," आर्लिस म्हणाली. "मास्क मी लावत होते."

नर्स सांत्वनाचं काही बोलू लागली, पण आर्लिसने तिला मध्येच थांबवलं.

"बाई, शेवटच्या रात्रीचं तुमच्याकडे काही दिसतं का? मी मध्ये कधी उठले होते का? एकदा तरी?"

नर्सने पाहिलं. "दहा वाजून पाच मिनिटं ते सव्वापाच," ती हळूच म्हणाली. "मास्क एकदाही निघालेला नाही."