आज तिला झाली का?

"उंदरांच्या लॅबमध्ये हसण्यासारखं काय घडणार?" असं आई सांगलीहून विचारते. घडतं की, पण जीव टांगणीला लागलेला असतानाच घडतं. म्हैसूरला आल्यापासून इतकं साठलंय की काळजी कुठली आणि किस्सा कुठला, हेच कळेनासं झालंय.

मणक्याला इजा झालेल्या उंदरांचं आम्ही एमआरआय करतो. कण्यातलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतं ते बघून कुठले मज्जातंतू शाबूत आहेत, याचा अंदाज घ्यायचा. इजा आम्हीच केलेली, त्यामुळे धास्ती जास्त! चंपा ही माझी उंदरीण. तिला नवं औषध चालू होतं. मागचे पाय हलले, तर औषध लागू पडलं म्हणायचं.

*

अशा उंदरांना आपोआप लघवी होत नाही, पोट हलकेच दाबून काढावी लागते. बोगादीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीच्या गच्चीवरून मी रोज लॅबला फोन करायची, "आज तिला झाली का? नीट दाबलंत ना?"

एक दिवस घरमालकीणबाई रसमचा डबा घेऊन आल्या. "सासूबाई अजून अंथरुणातच का?"

माझं लग्नही झालेलं नाही!

*

स्कॅनला चंपा भूल देऊन झोपवलेली. पडद्यावर तिच्या श्वासाची रेघ. ती जरा लांबली की माझा श्वास अडकायचा. शेवटी आमच्या गाइड मॅडम ओरडल्या, "श्वास उंदराचा बघायचाय. तुझा तू घे!"

*

इजेच्या जागी रंगीत रेघा उमटल्या! मी धावत जाऊन दाखवल्या. मॅडमनी चष्मा वर केला. "रांगोळी सुरेख आहे. तंतू कशावरून?"

श्वासानं कणा हलला तरी अशा खोट्या रेघा येतात म्हणे. माझं जेवणच सुटलं. रेघा खोट्या निघाल्या तर चंपाला उगाच लंगडं केलं, एवढंच माझ्या नावावर राहणार होतं.

*

आमच्या व्हेट गिरिजाक्का इथल्याच, म्हैसूरच्या अग्रहारातल्या. घरी मराठी, पण निम्मी कन्नड. मला म्हणाल्या, "सुम्ने, उगाच टेन्शन घेऊ नको गं. बीपी वाढतं."

"माझं?"

"माझं!"

*

परवा सकाळी ऑटो बन्नीमंटपच्या सिग्नलला अडकली होती, तेवढ्यात अक्कांचा फोन. आवाज कापत होता. "अय्यो, पिंजरा धुवायला घेतला, वळून बघते तर चंपा गेली गं!"

ड्रायव्हर आरशातून बघत होता, तरी रडू आवरेना.

"कशानं गेली, अक्का?"

"कशानं म्हणजे? पायांनी की! चारही!"