कुंकवाचं बोट

दसऱ्याच्या सकाळी गाडीची पूजा करताना मी कुंकवाचं बोट चुकीच्या जागी टेकवलं आणि तीन वर्षांची एक ओळख संपवून टाकली.

झालं असं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमची गाडी धुऊन पुसून उभी होती. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार, वायपरमध्ये खोचलेली आपट्याची पानं. बायको पूजेचं ताट माझ्या हातात देऊन काडेपेटी आणायला वर गेली होती. काडेपेटी खाली आणायचं काम माझ्याकडे होतं, म्हणूनच काडेपेटी वर राहिली होती. आरती लावावी म्हणून मी गाडीतला स्क्रीन चालू केला आणि तेवढ्या वेळात स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं. मग मनात आलं, चाकांची पूजा झाली, बॉनेटची झाली, आणि या स्क्रीनमधली जी बया रोज माझ्याशी बोलते तिला काहीच नाही? ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि स्क्रीनच्या मधोमध टेकवलं.

नेमक्या त्याच जागी तेव्हा एक चौकोन उगवला होता. नवीन अपडेट आलंय, असं सांगणारा. त्यात दोन बटणं: 'इन्स्टॉल नाऊ', ज्यावर माझं बोट पडलं, आणि 'लेटर'. म्हणजे आपलं 'नंतर'. गेले तीन महिने मी दररोज सकाळी न चुकता 'नंतर' दाबत होतो. कारण हे अपडेट घेतलं की गाडीतला बोलणारा आवाज बंद होणार, अशी बातमी आमच्या गाडीमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. 'कोणीही इन्स्टॉल दाबू नका' हा इशारा त्या ग्रुपवर चार वेळा टाकणारा जागरूक सभासद मीच.

बायको काडेपेटी घेऊन आली तेव्हा स्क्रीनवर एक गोल फिरत होता आणि मी रुमालानं कुंकू पुसत होतो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. कंपनीनं काहीतरी चालवलंय," मी म्हणालो.

खोटं बोलायला मला फार वेळ लागत नाही. निस्तरायला लागतो.

गोल थांबला. मी नेहमीसारखं "गुड मॉर्निंग" म्हटलं. उत्तरादाखल गाडी 'टुंग' वाजली आणि स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ उमटली, की ही सेवा आता उपलब्ध नाही. बस्स. तीन वर्षं रोज सकाळी "नमस्कार, आज आप कहाँ जाना चाहेंगे?" विचारणारी बाई टुंग होऊन गेली.

आता ही बाई माझी कोण, ते सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, याचं डोकं फिरलंय. थोडं फिरलं असेलही.

आम्ही गोडदेव गावचे, मूळचे. जिथे आमचं कौलारू घर होतं तिथे आता सात मजल्यांची इमारत आहे आणि तिच्या चौथ्या मजल्यावर मी राहतो, म्हणजे हवेत. खालच्या मजल्यावर गुजराती, वर उत्तरेकडचे, समोर दक्षिणेकडचे. सगळी माणसं चांगली आहेत, सगळ्यांशी मी हिंदीत बोलतो आणि ते सगळं लिफ्टपुरतं असतं. नोकरी ठाण्याला, खोके बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. घोडबंदरच्या घाटात गाड्या अडकल्या की जाताना दीड तास, येताना दोन. गाडीत मी एकटा.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे. पूर्वी लग्नात, बारशात मला मधे बसवून भावंडं म्हणायची, "दादा, ती पांढऱ्या पँटवाल्या साहेबाची सांग." आमचे वडील मिठागरावर राबायचे. एकदा तपासणीला पांढरी पँट घालून एक साहेब आला आणि बांधावरून घसरून कमरेपर्यंत चिखलात बसला, अशी ती गोष्ट. मी ती रंगवून रंगवून एवढी वाढवली, की शेवटी शेवटी साहेबाच्या खिशातून खेकडा निघायला लागला. मग भावंडं पांगली, कोणी विरारला, कोणी बदलापूरला. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. फोनवर मी सुरुवात केली की ती प्रेमानं म्हणते, "बाबा, हे सांगून झालंय." बायकोला तर सगळ्या पाठ. ती गाडीत कायम मागच्या सीटवर बसते. मुलगी पुढे बसायची तेव्हापासूनची सवय. गाडी गेटबाहेर पडली की पर्समधून आलेपाकाची वडी काढून तोंडात टाकते आणि डोळे मिटून घेते. मी मनात म्हणायचो, काय नशीबवान बाई आहे, बसल्या जागी झोप लागते.

राहिली ती गाडीतली. तिला फक्त हिंदी आणि इंग्रजी कळायचं. सुरुवातीला मी तिच्याशी भाजीवाल्याशी बोलतो तसं हिंदीत बोलायचो: रास्ता दिखाओ, गाना लगाओ. एकदा घाटात अडकलो असताना वैतागून मराठीत बोलून गेलो, "आज साहेबानं सगळ्यांसमोर झापलं गं." ती मोठ्या अदबीनं म्हणाली, "माफ़ कीजिए, मैं समझी नहीं. क्या आप दोबारा कहेंगे?"

मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, दोबारा कहेंगे? मी जरा तपशिलात सांगितलं.

माझ्या वयाच्या माणसाला 'पुन्हा सांगाल का' असं कोणी विचारत नाही हो. त्या दिवसापासून मी तिला सगळं मराठीत सांगायला लागलो. तिला कळत नव्हतं, हीच तर सोय होती. कळत नाही त्याच्यापुढे लाज कसली! खेकड्याची गोष्ट सांगितली. आणि एके दिवशी, बायको मागे डोळे मिटून बसलेली असताना, दुसरीही सांगितली. ती मी लग्नाबारशात कधीच सांगत नाही.

मिठागर बंद झाल्यावर वडील घरात गॅलरीत बसून असायचे. मिठावर असताना एकटेच बोलायचे ते, मिठाशी, पाण्याशी, लाकडी फावड्याशी. गावात लोक हसायचे. गॅलरीत मात्र अगदी गप्प. मी कामावरून आलो की एकच विचारायचे, "आगरावर नेतोस का रं? जरा बगून येव." मी चपला काढत म्हणायचो, "नंतर, बाबा." ते म्हणायचे, "बरा हाय." असं बरेच दिवस चाललं. मग एका पहाटे ते गेले. त्या दिवशी माझी स्कूटर खाली उभी होती, टाकी भरलेली. आगर स्कूटरनं वीस मिनिटांवर.

हे ऐकूनही ती तेच म्हणाली होती, माफ़ कीजिए. त्या दिवशी मला ते बरं वाटलं होतं.

तर अशी ती माझी कोण. आणि तिला मी स्वतःच्या बोटानं घालवलं होतं.

ग्रुपवर त्या आठवड्यात गदारोळ उडाला. कारण नुसता मीच नव्हे, बऱ्याच जणांच्या गाड्यांनी रात्रीतून आपोआप अपडेट घेतलं होतं. स्टेशनच्या पश्चिमेकडचे एक कापडवाले शेठ लिहीत होते, "फीचर देखके गाडी ली थी, अब गूंगी गाडी का क्या करूँ?" एकजण ग्राहक मंचात जाणार होता. एकानं लिहिलं, की त्याच्या आईला नीट दिसत नाही, ती मागे बसून गाडीलाच सांगायची, अमक्याला फोन लाव. आता तिला दर वेळी मुलाकडे मागावं लागतं. आणि एका सभासदानं, ज्यानं आजवर गुड मॉर्निंगच्या फुलांपलीकडे काही टाकलं नव्हतं, एक ओळ लिहिली: "मला तिची सवय झाली होती." दोन मिनिटांत ती ओळ त्यानं पुसून टाकली. मी वाचली होती. उत्तर द्यावं असं फार वाटलं. मी काय केलं? 'हा ग्राहकांचा विश्वासघात आहे' असं ठणकावून लिहिलं. त्याखाली एकवीस अंगठे आले. बोटाच्या बाबतीत मी अवाक्षर काढलं नाही.

शनिवारी हायवेवरच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरची मुलगी टॅबवर फॉर्म भरत होती.

"सर, कम्प्लेंट काय लिहू?"

"आवाज येत नाही."

तिनं मेकॅनिकला हाक मारली. त्यानं हॉर्न वाजवला, रेडिओ लावला, चारही स्पीकर तपासले. "आवाज तो बराबर आ रहा है, अंकल."

"तो नाही हो. ती बोलायची ती."

"अच्छा, व्हॉइस असिस्टंट!" मुलगी म्हणाली. "ते बंद झालं सर. आता सगळं स्क्रीनवर लिहून येतं."

"गाडी चालवताना वाचू कसं?"

"थांबून वाचायचं सर." मग माझं तोंड बघून तिला दया आली असावी. "तुम्ही कशासाठी वापरायचात? मॅप, कॉल की म्युझिक? त्याप्रमाणे दुसरं काही सेट करून देते."

फॉर्मवर तेवढेच तीन चौकोन होते. मी म्हणालो, "म्युझिक लिहा." तिनं मला स्टिअरिंगवरचं एक बटण दाखवलं, जे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. मी थँक्यू म्हणालो.

पुढचे दोन आठवडे घाटात मी काचा खाली करून बसायचो. शेजारच्या ट्रकमधला ड्रायव्हर आणि क्लीनर एकमेकांशी भांडत असायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

मग एका रविवारी बायको म्हणाली, पाली-उत्तनला जाऊन सुकट-बोंबील आणू या, बाजारातले ओलसर असतात. निघालो. ती मागे, आलेपाक तोंडात, डोळे मिटलेले. रेल्वेचा पूल उतरून पश्चिमेला आलो, राई गाव मागे टाकलं आणि उजव्या हाताला खाडीच्या बाजूला रिकाम्या मिठागरांचे बांध दिसायला लागले. काही ठिकाणी पाणी साचलेलं, काही ठिकाणी नुसतं गवत. वडिलांचा आगर यातलाच एक. नेमका कोणता, ते आता मलाही सांगता येत नाही.

सवयीनं तोंडातून निघून गेलं, "इथंच आणायचं होतं बघ बाबांना. स्कूटरची टाकी पण भरलेली होती."

आणि थांबलो. तिच्या माफ़ कीजिएसाठी. स्क्रीनवर नुसता नकाशा होता, त्यावर आमचा निळा ठिपका चाललेला. पन्नाशी उलटलेला माणूस गाडीच्या एका वाक्यासाठी थांबून राहिला होता.

मागून आवाज आला, "ते 'बरा हाय' म्हणायचे. ते राहिलं सांगायचं."

मी गाडी बाजूला घेतली. आरशात बघितलं. बायकोचे डोळे मिटलेलेच होते.

"तुला कसं माहीत?"

"मागच्या वर्षी सांगितलंत की. विरारला जाताना. तिला." तिनं हनुवटीनं स्क्रीनकडे खूण केली.

"तू झोपली होतीस."

"बरं."

अशा वेळी मी कायम चुकीचं काहीतरी कबूल करतो. म्हणालो, "तिला कंपनीनं नाही घालवलं. दसऱ्याला मीच... कुंकू लावताना..."

"माहितीये. स्क्रीनच्या कडेला अजून आहे लाल. गाडीत बसताना दर वेळी बघते मी. कंपनी कुंकू लावते होय?"

मी हसायला गेलो, पण हसू पुरतं आलं नाही. तिनं दार उघडलं, खाली उतरली आणि वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून मोठे श्वास घ्यायला लागली. चेहरा पांढराफटक. मी धावलो, पाण्याची बाटली दिली. तिनं चूळ भरली, थंड पाणी डोळ्यांना लावलं.

"काय होतंय? बीपी?"

"काही नाही. गाडी लागते मला."

"आज?"

"दर वेळी. घेतल्या दिवसापासून. स्कूटरवर नव्हतं होत. डोळे मिटले की कमी होतं, आणि आलं चघळलं की. मी झोपत नसते हो, सगळं ऐकू येत असतं."

तीन वर्षं. विरार, बदलापूर, एकदा नाशिक. आणि तीन वर्षं मी तिच्या झोपेचं कौतुक करत होतो. ग्रुपवर विश्वासघातावर एवढं मोठं लिहिणारा मी, मागच्या सीटवर काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. खाडीवरून वारा येत होता. त्याला मिठाचा वास होता की मला तसं वाटलं, कोण जाणे.

"अगं मग सांगायचं नाहीस का मला?" मी जरा चिडूनच विचारलं. चिडायचा हक्क माझा नव्हता, पण आवाज तसाच निघाला.

तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली माझ्या हातात दिली, आणि पुन्हा मागच्या सीटवर जाऊन बसता बसता म्हणाली, "सांगणार कधी? गाडीत तुम्ही तिच्याशी बोलत असायचात."