गच्चीवरचा टॉवर आणि म्हसोबाचं छप्पर

एका सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर दोन माणसं खांद्यावर लोखंडी अँगल घेऊन जिन्याने वर चालली होती. आम्ही कोथरूडच्या एका सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या वर फक्त गच्ची. मी विचारलं, "कुठे निघालात?" एक जण थांबलाही नाही. "मोबाईलचा टॉवर बसवायचाय," म्हणाला, जणू मीच त्याला बोलावून विसरलो होतो.

मोबाईल तेव्हा नुकते घरोघर पोचत होते. आमच्या बिल्डरने गच्ची एका कंपनीला परस्पर भाड्याने देऊन टाकली होती. फ्लॅट विकून वर्षं लोटली तरी त्याने जमीन काही सोसायटीच्या नावावर करून दिली नव्हती. पुण्यात असे बिल्डर शोधावे लागत नाहीत, असे नसलेले शोधावे लागतात.

एरवी मी एक खरमरीत पत्र लिहून मोकळा झालो असतो. पण आदल्याच वर्षी माझ्या बायकोच्या छातीत पेसमेकर बसवला होता, आणि ते अँगल रचले होते ती जागा आमच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर वर होती. डॉक्टरांना विचारलं. एवढ्या अंतरावरून काही होत नाही, निर्धास्त राहा, असं ते म्हणाले. बायकोने मान डोलावली, घरी आली आणि मला कॉट हॉलमध्ये ओढायला लावली. तिथेही तिचा डोळा लागेना. नुसती छताकडे बघत पडून राहायची. शेवटी एकदा चहा पिता पिता म्हणाली, "अहो, आपण हे घर विकू या." फरशीपासून पडद्यांपर्यंत हे घर तिने हौसेने लावलं होतं. मला डॉक्टरांचं पटत होतं, पण ते तिला पटवून देणं माझ्याच्याने होईना. मला स्वतःलाच धास्ती वाटायला लागली होती. टॉवरची नव्हे, तिच्या न झोपण्याची.

आम्ही महापालिकेत हरकत नोंदवली. इन्स्पेक्टर येऊन गच्ची बघून गेले. त्यांनी सांगितलं, परवानगी अजून दिलेली नाही. ती हवी तर नकाशा लागतो, इमारत वजन पेलेल असा इंजिनिअरचा दाखला लागतो आणि जागामालकाची संमती लागते. "तुमची हरकत विचारात घेऊ," असंही म्हणाले. माझ्यासारख्या सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मी विचारलं, "मग बिल्डरने संमती दिली की झालं?"

"बिल्डर मालक कुठे आहे? जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. बिल्डरकडे इमारत बांधण्यापुरतं मुखत्यारपत्र आहे. टॉवरचं त्यात काही नाही."

मूळ मालक म्हणजे गावठाणातल्या आजी. त्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो त्यांच्या शेताचा म्हसोबा. जमीन देताना म्हसोबा हलवायचा नाही ही त्यांची अट होती. दर अमावस्येला त्यांच्या घरचं कुणीतरी येऊन नारळ फोडायचं, आणि आमच्यातलं कुणीतरी फरशी चिकट होते म्हणून कुरकुरायचं.

आता बिल्डर आजींचा अंगठा घ्यायला जाणार हे उघड होतं. त्याआधी आजींना खूश करायला हवं, असं कमिटीने ठरवलं. बिचारा म्हसोबा इतकी वर्षं उन्हापावसात उभा आहे, त्याला छान छप्पर करून देऊ. माझी बायको म्हणाली, "आधी त्यांना विचारा तरी." पण सगळे पदवीधर जमल्यावर विचारायचं कुणाला? चार पाइप उभे राहिले, वर हिरवा फायबरचा पत्रा आला, आत एक बल्बही लागला. सेक्रेटरी स्वतः आजींना आणायला रिक्षा घेऊन गेले.

आजी उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि थबकल्या.

"ह्ये कुणी केलं?"

सेक्रेटरी कौतुकाच्या अपेक्षेने पुढे झाले.

"म्हसोबाला छप्पर चालत न्हाय! त्याच्या डोईवर आभाळच लागतं. आमच्या सासऱ्यानं घालू दिलं न्हाय, त्याच्या बापानं घालू दिलं न्हाय, आन् तुमी कोन रं?"

झालं. करायला गेलो गणपती, झाला मारुती. मला तर डोळ्यांसमोर घराची जाहिरातच दिसायला लागली. तेवढ्यात आमची ही पुढे झाली. म्हणाली, "आजी, चुकलं. आत्ता काढतो." आणि आमच्याकडे तिने असं काही बघितलं, की मी आणि सेक्रेटरी पाने घेऊन नटबोल्टला भिडलो. आम्हा दोघांना फ्यूजसुद्धा बदलता येत नाही, पण तो पत्रा आम्ही उतरवला.

तोवर त्या दोघी ओट्यावर बसल्या होत्या. बायकोने टॉवर, बिल्डर आणि अंगठ्याचं सगळं आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "माझ्या छातीत यंत्र बसवलंय, आजी. डॉक्टर म्हणतात टॉवरने काही होत नाही. पण मला भीती वाटते."

आजींनी तिच्या खांद्याखाली हात ठेवला. "हितं हाय व्हय?"

"हो."

"डाक्टर खरं बोलत आसंल. पर तुला झोप लागती का?"

"नाही."

"मग झालं तर." आजींनी सोबत आलेल्या, रिक्षातच बसून राहिलेल्या आपल्या मुलाला हाक मारली. "त्या बिल्डरला सांग, आंगठा मिळायचा न्हाय. द्येवाच्या डोईवर नको, तसं हिच्या बी डोईवर नको."

बिल्डरने पुढे गावठाणात पुष्कळ खेटे घातले, पण आजी बधल्या नाहीत. संमतीच नाही म्हटल्यावर परवानगीचा अर्ज फेटाळला गेला. मग त्याच दोन माणसांनी तेच अँगल खाली नेले. मी दार उघडं टाकून, खुर्ची मांडून ते जाताना बघत बसलो. त्यांना चहाही विचारला, इतका मला आनंद झाला होता.

टॉवर पुढे कुठे गेला कुणास ठाऊक. आमच्याकडे रेंज मात्र कधी धड आली नाही. मुलीचा फोन आला की मी गॅलरीत कठड्याला टेकून मोठ्याने बोलतो आणि आमच्या घरच्या गोष्टी समोरच्या बिल्डिंगला कळतात. कळू देत.

अँगल गेले त्या दुपारी मुलीचा असाच फोन आला. आईला दे म्हणाली. मी आत डोकावलो. बायको आपल्या झोपायच्या खोलीत, चटईवरच, साडीसुद्धा न बदलता आडवी झाली होती आणि चक्क घोरत होती. मी दार लोटून घेतलं आणि मुलीला सांगितलं, "आईला आत्ता उठवणार नाही. तू उद्या कर."